विश्वास देवावर, व्यवहार कागदावर

पुण्यात पैशाच्या किंवा जमिनीच्या गोष्टी निघाल्या आणि कुणी "माझ्यावर विश्वास ठेवा" असे म्हटले, की जुना पुणेकर हमखास उत्तर देतो, "विश्वास तर पानिपतावरच गेला!" नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपताच्या रणांगणावर पडले. त्या दुःखावर पुढच्या पिढ्यांनी रचलेला हा विनोद शनिवार पेठेत, शनिवारवाड्याच्या आसपास, आजही ऐकू येतो. आम्हा ख्रिस्ती माणसांच्या कानांना तो जरा खटकतो. विश्वास हा आपल्या प्रार्थनेतला पहिला शब्द. त्याची अशी थट्टा आपल्याला कशी रुचावी?

तरीही, परदेशात राहून मायदेशी जमीन विकत घेणाऱ्या आपल्या मुलामुलींचे जे हाल मी पाहतो आहे, ते पाहता तो पुणेरी विनोद आपल्या भाबडेपणापेक्षा अधिक शहाणपणाचा आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. जी श्रद्धा परमेश्वराच्या चरणी वाहायची, ती आपण दलालाच्या चरणी वाहतो आणि त्यालाच ख्रिस्ती वृत्ती समजतो. इतकेच असते तर केवळ हळहळून गप्प बसता आले असते. पण पुष्कळदा हा 'विश्वास' आपणच केलेल्या एका असत्यावर घातलेले पांघरूण असतो. ते पांघरूण दूर करणे हाच या लेखाचा हेतू आहे. काहींना तो झोंबेल. झोंबावा.

'आपलाच माणूस'

कुवेतच्या रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, जहाजावर नऊ-नऊ महिने काढणारा खलाशी, टोरांटोत गोदामात राबणारा पदवीधर, ही आता आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतली माणसे आहेत. त्यांच्या मनात एकच स्वप्न असते. मायदेशी चार गुंठे जागा असावी, तीवर लहानसे घर असावे, परतल्यावर अंगणात आंब्याचे एखादे झाड असावे. या स्वप्नात गैर काहीच नाही. गैर आहे ती ते साकारण्याची रीत.

ती रीत बहुधा अशी असते. फोनवर एका माळरानाची चित्रे येतात. चुन्याच्या रेघा मारलेल्या, एक फलक उभा केलेला, लांबवर डोंगर. "भाव वाढतो आहे, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, आठवड्यात इसार द्या." पाठवणारा माणूस अनोळखी नसतो. तो मावसभाऊ असतो, मोठ्या बहिणीचा दीर असतो, नाही तर चर्चच्या सणाच्या समितीत मिरवणारा एखादा ओळखीचा गृहस्थ असतो. मुलगा पैसे पाठवतो. काही बँकेतून जातात, काही सुट्टीवर निघालेल्या मित्राच्या हाती. वडील सह्या करतात, कशावर ते त्यांना ठाऊक नसते. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा उद्योग तीन-चार वर्षे चालतो. मग मुलगा एका नाताळात येतो, जागेवर जातो आणि तेथे दुसऱ्याचेच कुंपण पाहतो. तीच जागा तिघांना विकलेली असते. किंवा जमीन मुळात विकण्याजोगीच नसते. किंवा ती रीतसर विकत घेतलेली असते, पण मध्यस्थाच्या बायकोच्या नावावर.

त्यानंतर ते कुटुंब धर्मगुरूच्या कार्यालयात येते. मी अशी पुष्कळ कुटुंबे समोर बसलेली पाहिली आहेत. त्यांच्या हातातल्या पिशवीत कधी नोटरीसमोर केलेला करार असतो, कधी नुसती इसारपावती, कधी सातबाराची अंधुक प्रत. आणि तोंडी एकच वाक्य असते, "फादर, तो तर आपलाच माणूस होता." कागद का पाहिले नाहीत, याचे दुसरे उत्तर त्यांच्यापाशी नसते.

पहिली लबाडी कोणाची?

आता कटू भाग. फसवणाऱ्याने फसवले, हे पाप त्याचेच. त्याविषयी दुमत नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात सातव्या आज्ञेखाली व्यापारातील लबाडी आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन केलेली किमतीची वाढ यांचा चोरीबरोबरच स्पष्ट उल्लेख आहे. परंतु चोर ज्या दारातून आत आला, ते दार कोणी उघडे ठेवले होते?

पहिले दार शेतजमिनीचे. परदेशस्थ भारतीय नागरिकाला किंवा परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या कार्डधारकाला भारतात घर, सदनिका, बिगरशेती जागा घेता येते. शेतजमीन, मळा व शेतघर मात्र विकत घेता येत नाही. परकीय चलनविषयक कायदा तशी मुभा देत नाही. वारसाने शेतजमीन मिळू शकते, खरेदीने नाही. त्यावर महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ आहे. जो शेतकरी नाही त्याला, मग तो पुण्यात राहणारा का असेना, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. हे दलालाला पक्के माहीत असते. पुष्कळदा आपल्या मुलालाही माहीत असते. मग तोडगा निघतो: "काकांच्या नावावर घेऊ, ते शेतकरी आहेत. घरातलेच तर आहेत!"

वाचकहो, या तोडग्याचे कायद्यातील नाव बेनामी व्यवहार असे आहे. १९८८ चा कायदा २०१६ मध्ये कडक झाला. असा व्यवहार सिद्ध झाला तर एक ते सात वर्षे सक्तमजुरी होऊ शकते आणि मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. पण त्याहून मोठी मेख पुढेच आहे. "पैसे माझे होते, मालक मीच," असे म्हणून नावापुरत्या मालकाविरुद्ध दावा लावण्याचा मार्गच हा कायदा बंद करतो. ज्या दिवशी काकांची नियत फिरली किंवा काका वारले आणि त्यांच्या मुलांनी वारसनोंद करून घेतली, त्या दिवशी आपल्या मुलाची वीस वर्षांची कमाई संपली. न्यायालयात जावे तर स्वतःच्याच अपराधाचा कबुलीजबाब द्यावा लागतो. दलालाला नेमके हेच हवे असते. ज्याला तक्रार करता येत नाही, असे गिऱ्हाईक त्याला सर्वांत प्रिय.

दुसरे दार रोख रकमेचे. साठ लाखांचा व्यवहार कागदावर पस्तीस लाखांचा दाखवायचा आणि उरलेले 'वरचे' हातावर टेकवायचे, ही प्रथा इतकी रुळली आहे की, तिला खोटेपणा म्हणणारा माणूसच वेडा ठरतो. वास्तविक जमीनजुमल्याच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास १ जून २०१५ पासून मनाई आहे. परदेशस्थाने तर किंमत बँकेमार्फतच अथवा आपल्या अनिवासी खात्यातूनच द्यायची असते. परकीय चलनाच्या नोटा देऊन चालत नाही. व्यवहार फिसकटला की कागदावरच्या पस्तीस लाखांवर निदान दावा सांगता येतो. उरलेल्या पंचवीस लाखांना साक्षीदार कोण? ज्याने घेतले तोच.

तिसरे दार कुलमुखत्यारपत्राचे. 'माझ्या वतीने सर्व प्रकारचे व्यवहार करण्यास, पैसे घेण्यास, विकण्यास, गहाण ठेवण्यास' असा सरसकट अधिकार न वाचता सही करून दिला जातो. दुसऱ्या बाजूने, मूळ मालकाच्या मुखत्यारपत्रावरच आपल्याला जमीन 'विकली' जाते. केवळ मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र यांची मोळी बांधून जमिनीची मालकी हस्तांतरित होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप खटल्यात दिला. मुखत्यारपत्र देणारा मरण पावला की सर्वसाधारणपणे ते पत्रही संपते, हे तर १८७२ च्या करार कायद्यापासून ठरलेले आहे. तरी मेलेल्या माणसांच्या मुखत्यारपत्रांवर जिवंत माणसांना जमिनी विकणे चालूच आहे.

या तिन्ही दारांच्या किल्ल्या खरेदीदाराच्याच हाती होत्या. म्हणून म्हणतो, आठवी आज्ञा मोडून जमीन घ्यायची आणि सातवी आज्ञा मोडली म्हणून दुसऱ्याच्या नावाने आक्रोश करायचा, यात विसंगती आहे.

यिर्मयाचे खरेदीखत

"इतके कागद तपासायचे म्हणजे आपल्या माणसावर अविश्वासच की!" असे म्हणणाऱ्यांनी जुना करार उघडून यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा बत्तिसावा अध्याय वाचावा. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता. संदेष्टा स्वतः राजाच्या पहाऱ्यात कैदेत होता. जमीन पाहायला जाणे त्याला अशक्य होते. आजच्या परदेशस्थ खरेदीदाराहूनही तो अधिक अगतिक होता. विकणारा कोण? सख्खा चुलतभाऊ हनामेल. जमीन कुठली? अनाथोथ या स्वतःच्याच गावची. आणि ती घे, ही आज्ञा कोणाची? साक्षात परमेश्वराची.

यापेक्षा भक्कम 'विश्वास' कोणता असू शकतो? तरी यिर्मयाने काय केले? सतरा शेकेल रुपे ताजव्यात तोलून दिले. खरेदीखत लिहिले, त्यावर सही केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, अशा दोन्ही प्रती पहाऱ्याच्या चौकात बसलेल्या सर्वांसमक्ष बारूखाच्या स्वाधीन केल्या आणि त्या दीर्घकाळ टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले. देवाच्या शब्दावर त्याचा विश्वास होता, म्हणूनच त्याने कागद नीट केला. भाऊ आहे म्हणून रुपे न तोलता दिले नाही, आणि देव पाठीशी आहे म्हणून साक्षीदार टाळले नाहीत.

त्याच्याही आधी अब्राहाम. हेब्रोनात तो परका होता, उपरा होता. स्वतःला त्याने तसेच म्हणवून घेतले. सारेच्या दफनासाठी त्याला मकपेलाची गुहा हवी होती. एफ्रोन फुकट द्यायला निघाला. अब्राहामाने फुकटाचा मोह टाळला आणि चारशे शेकेल ही पूर्ण किंमत नगराच्या वेशीवर सर्वांदेखत तोलून दिली. शेत, त्यातली गुहा, सीमेच्या आतली झाडे असे सारे स्पष्टपणे ठरवून घेतले. परक्या मुलखात जमीन घेणाऱ्याचा हा पवित्र शास्त्रातला पहिला धडा. पूर्ण किंमत, उघड्यावर, साक्षीदारांसमक्ष, सीमा ठरवून. त्यात 'वरचे' नव्हते आणि काकांचे नावही नव्हते.

नाबोथाचा मळा बार्देशात

कागदाची दुसरी बाजूही त्याच पवित्र शास्त्रात आहे. नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाने तलवारीच्या बळावर घेतला नाही. ईजबेलीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहोर उमटवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि वडिलोपार्जित जमीन न विकणारा माणूस दगडमाराने मेला. बनावट दस्तऐवज, अधिकृत मोहोर, विकत घेतलेली साक्ष. जमीन हडपण्याचे तंत्र तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

ते किती बदललेले नाही, हे गोव्याने आपल्याला नुकतेच दाखवले. जून २०२२ मध्ये गोवा सरकारने जमीन हडप प्रकरणांच्या तपासासाठी विशेष पोलीस पथक नेमले. सप्टेंबर २०२२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल नोव्हेंबर २०२३ मध्ये सादर झाला. तपासातून जी पद्धत पुढे आली, ती अशी. मालक मरण पावलेला आहे, किंवा त्याचे वारस पोर्तुगाल, इंग्लंड वा अन्यत्र स्थायिक आहेत, अशा जमिनी हेरायच्या. पोर्तुगीज काळातील वाटावीत अशी जुनी विक्रीपत्रे बनवायची. ती सरकारी दप्तरात घुसवायची आणि त्यांच्या आधारे हक्कनोंदीत नावे चढवून जमिनी पुढे विकायच्या. पुराभिलेख खात्यातील कर्मचाऱ्यांनाही या तपासात अटक झाली. बार्देश तालुक्यातील, आपल्या कॅथलिक घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या गावांतील जमिनी यात होत्या. ब्रिटनच्या गृहमंत्रिपदापर्यंत पोहोचलेल्या सुएला ब्रेव्हरमन यांच्या घराण्याच्या आसगाव येथील जमिनीविषयीही तक्रार झाली. मंत्रिपदाची ऐट लंडनमध्ये. आसगावात कुलूप लावलेल्या जमिनीला राखणदार नाही.

यातली सर्वांत दुःखद बाजू क्वचितच बोलली जाते. चोरलेली जमीन चोर स्वतःपाशी ठेवत नाही. तो ती विकतो. विकत घेणारा कोण असतो? दुरून चित्रे पाहून पैसे पाठवणारा, मूळ मालकाचा शोध न घेणारा, घाईत असलेला माणूस. तोही बहुधा कुठे तरी परदेशातच राबत असतो. म्हणजे एका परदेशस्थ भावाची जमीन चोरून ती दुसऱ्या परदेशस्थ भावाला विकली जाते. येथे खरेदीदाराची चौकशी ही केवळ स्वतःच्या पैशाची काळजी राहत नाही; ते शेजाऱ्यावरील प्रेमाचे कर्तव्य ठरते. "हा मळा कोणा नाबोथाचा तर नाही ना?" हा प्रश्न विचारल्यावाचून केलेली खरेदी ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. आणि चोरीची वस्तू परत करण्याची तयारी असल्यावाचून प्रायश्चित्त संस्कारातही चोराची सुटका नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आपण विसरू नये.

शनिवार पेठेतील एक वाडा

मग तपासायचे तरी काय? उपदेशापेक्षा उदाहरण बरे. मेलबर्नला स्थायिक झालेल्या आपल्या एखाद्या मुलाला शनिवार पेठेतील जुन्या वाड्याची जागा सुचवली गेली, असे समजू. मोक्याची जागा, 'पाडून बांधता येईल' असे सांगितलेले, भाव आकर्षक. त्याने कोणते प्रश्न विचारावेत?

पहिला प्रश्न मालकीचा. शहरातल्या अशा जागेला सातबारा नसतो, नगरभूमापनाचे मालमत्ता पत्रक असते. त्यावर आजोबांचेच नाव असेल, तर आजोबांचे सगळे वारस कोण? हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे. अमेरिकेतल्या आत्याबाईंची सही नसेल, तर भाऊ कितीही छातीठोकपणे सांगोत, संपूर्ण जागा ते विकू शकत नाहीत. गोव्यात याच जागी दुसरा प्रश्न येतो. तेथील दिवाणी कायद्याप्रमाणे पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते, तेव्हा दोघांच्याही सह्या लागतात.

दुसरा प्रश्न वहिवाटीचा. वाड्यात भाडेकरू आहेत काय? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्यांना आहे. "ते जातील हो!" हे वाक्य कोणत्याही खरेदीखतात लिहिता येत नाही.

तिसरा प्रश्न बांधकामाचा. शनिवारवाडा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायद्याने अशा स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम निषिद्ध केले आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगीवाचून बांधता येत नाही. 'पाडून बांधता येईल' म्हणणाऱ्याला अंतर मोजून दाखवायला सांगावे. नदीकडच्या बाजूची जागा असेल तर पूररेषा पाहावी. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात या पेठेने काय सोसले, ते जुनी माणसे विसरलेली नाहीत.

चौथा प्रश्न बोजाचा आणि इतिहासाचा. गेल्या तीस वर्षांतले दस्त शोधून वकिलाने लेखी शोध अहवाल द्यावा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात. मूळ दस्त प्रत्यक्ष पाहावेत. ते बँकेत तर अडकलेले नाहीत ना, हे विचारावे. हा वकील आपण नेमलेला असावा, विकणाऱ्याने 'सोयीसाठी' दिलेला नसावा. पुलापलीकडे शिवाजीनगरचे न्यायालय असल्याने या पेठेत वकिलांना तोटा नाही.

खेड्यातली जमीन असेल तर सातबारा, आठ-अ आणि सर्व जुने फेरफार पाहावेत. भोगवटादार वर्ग दोन, वतन, कुळाची जमीन असे शब्द दिसले की थांबावे. अशा जमिनीच्या विक्रीला सहसा सरकारी परवानगी लागते. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी. सातबारा हा महसुलाचा उतारा आहे. तो मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. बिल्डर प्लॉट पाडून किंवा सदनिका बांधून विकत असेल तर महारेराकडील नोंदणी पाहावी आणि नोंदणीकृत करारावाचून दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम देऊ नये.

आणि एक भ्रम येथे मोडलाच पाहिजे. "सरकारी कचेरीत नोंदणी झाली, म्हणजे सारे ठीक" असे पुष्कळ जण समजतात. दस्ताची नोंदणी अत्यावश्यक आहे. शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री तिच्यावाचून होतच नाही. पण नोंदणी करणारा अधिकारी विकणाऱ्याची मालकी तपासत नाही. तो त्याचा अधिकारच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. पुण्यातच मुंढव्याच्या सुमारे चाळीस एकर महार वतनाच्या जमिनीचे खरेदीखत २०२५ मध्ये नोंदले गेले होते. नोव्हेंबरात ते उजेडात येताच चौकशी लागली, गुन्हे दाखल झाले. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर एकेचाळीस इमारती उभ्या राहिल्या, घरे विकली गेली, आणि २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्या पाडल्या गेल्या. तेथे राहणाऱ्यांपाशीही कागद होते. प्रश्न कागद असण्याचा नसून तो खरा असण्याचा आहे.

येणे अगदीच अशक्य असेल तर मुखत्यारपत्र द्यावे. पण ते एकाच मिळकतीचे, एकाच कामाचे, मुदतीचे असावे. पैसे घेण्याचा, विकण्याचा, गहाण ठेवण्याचा अधिकार त्यात नसावा. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. तरीही माझा आग्रह आहे की, खरेदीआधी एकदा स्वतः यावे. जागेवर उभे राहावे, शेजाऱ्यांशी बोलावे. आयुष्याची पुंजी गुंतवणाऱ्याला विमानाचे एक तिकीट महाग वाटू नये.

आक्षेप आणि उत्तरे

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," असे आपले वडीलधारे सांगतात. खरे आहे. म्हणूनच त्याने आधी वकिलाची आणि दुय्यम निबंधकाची पायरी चढावी. जो ती टाळतो, त्याच्याच नशिबी पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणे येते.

"सगळेच असे करतात, कायदेच तसे आहेत," हा दुसरा आक्षेप. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ज्याचे आजोबा दुसऱ्याच्या बांधावर राबले, त्याने दोह्यात घाम गाळून मिळवलेल्या पैशाने एक एकर शेत घेऊ नये, हा नियम कुणाला कठोर वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. मग तो बदलावा म्हणून आमदारांकडे जा, निवेदने द्या, लेख लिहा. परंतु कायदा कठोर आहे म्हणून खोटे नाव लावले, तर त्या खोट्याची किंमत कायदा बनवणारा भरत नाही; तुमची मुले भरतात.

"धर्मगुरूंनी जमिनीच्या व्यवहारात नाक का खुपसावे?" हा तिसरा. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत बिल्डरांच्या दहशतीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हाही हा प्रश्न विचारला गेला होता. जमिनीच्या प्रश्नात माणसाचे घर, भावाभावांचे नाते आणि पुष्कळदा आत्म्याचे तारणही गुंतलेले असते. पुण्यातले आपले सिटी चर्च सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये दिलेल्या जमिनीवर उभे आहे. आपल्या वेद्यांखालीही जमीनच आहे.

धर्मग्रामाने काय करावे

शेवटी एक बोट आम्हा धर्मगुरूंकडे. फसवणारा माणूस आपले भांडवल कोठून आणतो? पुष्कळदा ते चर्चच्या अंगणातून येते. सणाच्या पत्रिकेत त्याची जाहिरात असते. मंडपाचा खर्च त्याने उचललेला असतो. त्याच्या प्रकल्पाच्या भूमिपूजनाला, आशीर्वाद द्यायला धर्मगुरू उभा असतो आणि ते छायाचित्र कुवेतमधल्या आपल्या मुलीच्या फोनवर पोहोचते. तिला वाटते, फादर तेथे होते, म्हणजे सारे ठीकच असणार. पवित्र पाण्याने सातबारा शुद्ध होत नाही, हे तिला कोण सांगणार?

माझी मागणी साधी आहे. कागदपत्रे धर्मग्रामातील वकिलांनी तपासल्यावाचून कोणत्याही जमीनविक्रीची जाहिरात आपल्या पत्रिकेत, फलकावर वा वेदीवरून येऊ नये. अशा प्रकल्पांच्या उद्घाटनाला धर्मगुरूंनी जाऊ नये. जमिनीच्या व्यवहारासाठी कोणालाही चारित्र्याचा दाखला देऊ नये. उलट महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर, आपल्यातल्याच दोन वकिलांनी आणि एका निवृत्त महसूल कर्मचाऱ्याने परदेशस्थांच्या कुटुंबांचे कागद पाहून द्यावेत. एवढे मनुष्यबळ आपल्या बहुतेक धर्मग्रामांत आहे. आणि ज्या वृद्ध आईवडिलांकडे मुलांच्या जमिनी सांभाळण्याचे काम आले आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून पाहावे. गोव्यात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यापैकी पुष्कळांना ते फार उशिरा कळले.

येत्या नाताळात मुले घरी येतील. जेवणे होतील, गव्हाणी सजेल, भेटवस्तू उघडल्या जातील. त्यातल्या एका दुपारी कपाटातली ती फाईल बाहेर काढा. जमीन कोणाच्या नावावर आहे, किती पैसे दिले, त्यांपैकी कागदावर किती आहेत, मुखत्यारपत्रात काय लिहिले आहे, हे सर्वांनी मिळून मोठ्याने वाचा. ज्या घरात ही फाईल वाचताना कुणाला खाली पाहावे लागणार नाही, त्या घराने देवाचे आभार मानावेत. आणि जेथे पाहावे लागेल, त्यांनी दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे जावे. आपला माणूस खरोखर आपला असेल, तर तोही बरोबर येईल.